पावणेदोन वर्षांच्या लेकीसोबत कोकणातला समुद्र : पुण्याहून दोन रात्रींचं नियोजन

गुलबक्षी
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये लेकीला पहिल्यांदा समुद्र दाखवायचा आहे. वय २० महिने, वजन साडेदहा किलो, चालते-पळते, दुपारी दीड-दोन तास झोपते. सोबत सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, जिने नकोत. स्वतःची गाडी, निघणार कोथरूडहून, दोन रात्री. यादीत दिवेआगर, आक्षी-नागाव, कर्दे आणि गणपतीपुळे आहे. गाव, रस्ता, तारखा, राहण्याची जागा, खाणं, औषधं, ज्यांना जे नीट माहीत आहे ते सविस्तर लिहा. "कुठेही जा, मजा येईल" असं कृपया नको.

खाडीकाठ
आधी यादी छाटू. गणपतीपुळे काढून टाका. पुण्याहून तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि तिथला किनारा पाण्यात शिरताच खोल होतो. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. दर्शनाला उत्तम, बाळाला पाण्यात सोडायला नाही. गुहागरचा किनारा सुंदर, पण उतार तिथेही तीव्र आहे.

कर्दे सपाट आणि घट्ट वाळूचं आहे, बाळ चालताना पाय रुतत नाहीत. अडचण अंतराची. माणगावनंतर मंडणगडवरून दापोली, मग खाली कर्दे, म्हणजे ताम्हिणी उतरल्यावरही वळणं संपत नाहीत. मूल तीन वर्षांचं झालं की खुशाल जा.

उरले दिवेआगर आणि आक्षी-नागाव. दिवेआगरचा किनारा लांबलचक, सपाट, मागे सुरूची झाडं आणि मग सुपारी-नारळाच्या वाड्या. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने बरीच झाडं पाडली, त्यामुळे सावली पूर्वीइतकी सलग नाही. जागा ठरवताना हे लक्षात ठेवा. आक्षी-नागावची जमेची बाजू म्हणजे रस्ता सोपा आणि अलिबागचं जिल्हा रुग्णालय जवळ. नागावला शनिवार-रविवारी वाळूवर चारचाकी बाईक आणि घोडागाड्या धावतात. २० महिन्यांचं मूल गाडीला घाबरून बाजूला होत नाही, उलट आवाजाकडे पळतं. आक्षी त्या मानाने शांत.

वारंवार ताप-सर्दी होणारं मूल असेल तर आक्षी. एरवी दिवेआगर.

घाटवळण
रस्त्याचं मी सांगते.

दिवेआगर : चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, दिवेआगर. साधारण १६५ किलोमीटर. मोठ्यांना साडेचार तास, बाळासोबत सहा धरा. चांदणी चौक ते माणगाव हा कठीण टप्पा. मुळशीच्या पुढे मोबाईलची रेंज मध्येमध्ये जाते आणि स्वच्छ स्वच्छतागृह मिळणं अवघड, म्हणून पेट्रोल आणि बाळाचं लंगोट बदलणं दोन्ही पौडच्या आसपासच उरकून घ्या. नकाशा आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा.

आक्षी : एक्स्प्रेसवेने खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग. अंतर थोडं कमी, वळणं बरीच कमी, पण शनिवारी सकाळी वडखळला आणि रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेवर अडकायला होतं.

निघायची वेळ पहाटे साडेपाच. मूल झोपेतच गाडीत जातं, ताम्हिणीचा बराचसा भाग झोपेत उतरतं आणि माणगावला जागं होऊन नाश्ता करतं. लोक करतात उलटं : घरी दूध पाजून, पोहे भरवून साडेसातला निघतात आणि तासाभराने भरल्या पोटी घाट. तिथेच उलटी होते. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी लागणं तसं कमी, पण भरलेलं पोट आणि वळणं एकत्र आली की व्हायचं ते होतं. पहाटे निघताना फार तर दोन घोट पाणी. जाग आलीच तर एखादं बिस्किट. काच बोटभर खाली ठेवा, गाडीत सुगंधी द्रव्य लावू नका.

गाडी लागू नये म्हणून घेतात ती अव्होमिन मनाने देऊ नका. त्यातलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, त्याने श्वास मंदावू शकतो.

आणि सीट. मांडीवर बाळ घेऊन घाट उतरू नका. अचानक ब्रेक लागला तर दहा किलोचं बाळ हातात धरून ठेवणं कुणालाच शक्य नसतं. मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी चाइल्ड सीट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे, पण दंड हा काही मुद्दा नाही. डिसेंबरची एक खास चूक : पुण्यातल्या थंडीमुळे जाड स्वेटर घालून वर पट्टा आवळतात. पट्टा घट्ट वाटतो, पण दाब आला की स्वेटर चेपतं आणि पट्टा ढिला पडतो. पातळ कपड्यावर पट्टा लावा, खांद्याजवळ त्याची चिमूट धरता येता कामा नये, मग वरून पांघरूण घाला.

ओहोटी
तारखा ठरवताना लोक सुट्टी बघतात. बाळ असेल तर आधी तिथी बघा.

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तास, आणि रोज वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोळी मंडळींचा जुना हिशोब सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरा. हा हिशोब अर्धापाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून जायच्या आधी भरतीचं वेळापत्रक बघून पक्कं करा.

हे का महत्त्वाचं? सपाट किनाऱ्यावर ओहोटीला शंभर-दीडशे पावलं ओली, घट्ट, थंड वाळू उघडी पडते. बाळासाठी सगळ्यात चांगली जागा तीच. घोट्याइतक्या पाण्याची डबकी, शंख, खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी. पूर्ण भरतीला मात्र उरतो तो कोरड्या, भुसभुशीत वाळूचा पट्टा आणि समोर थेट लाट.

बाळ उन्हाच्या वेळा सोडून दोनदाच बाहेर पडणार : सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी साडेचार ते सहा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा या दोनपैकी निदान एका वेळेत पूर्ण ओहोटी सापडावी, असा दिवस निवडायचा.

धोक्याची वेळ वेगळी. सव्वासहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात जेमतेम हलतं, मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. ओहोटीच्या या मधल्या दोन तासांत ओढ सर्वांत जास्त. त्या वेळी मोठ्यांनीही गुडघ्याच्या पुढे जाऊ नये, बाळाला तर पाण्याच्या रेषेपासून लांबच ठेवावं. भरती चढतानाच्या मधल्या दोन तासांत धोका निराळा : पाणी भरभर पुढे येतं. मांडलेली चादर, चपला, पिशव्या उचलायला धावपळ होते आणि त्या गडबडीत बाळावरची नजर सुटते.

गुलबक्षी
हे फारच उपयोगी. आमच्यासमोर दोन पर्याय आहेत, दोन्ही रविवार ते मंगळवार. एका आठवड्यात षष्ठी-सप्तमी-अष्टमी, पुढच्यात त्रयोदशी-चतुर्दशी-पौर्णिमा. पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. मंगळवारी संध्याकाळी जन्माच्या वेळेला सासऱ्यांना घरी पोचायचं आहे. जमेल का?

ओहोटी
जमेल, आणि दुसराच आठवडा घ्या.

पहिल्या आठवड्यात भरती येते साडेचार, सव्वापाच, सहाला. म्हणजे तुम्ही संध्याकाळी बाहेर पडाल तेव्हा पाणी किनाऱ्याला लागलेलं. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, असल्याने समुद्र शांत असेल हे खरं, पण खेळायला ओली वाळू नाही.

दुसऱ्या आठवड्यात रविवारी भरती पावणेदहाला, ओहोटी चारच्या सुमारास. सोमवारी भरती साडेदहाला, ओहोटी पावणेपाचला. दोन्ही संध्याकाळी तुम्हाला पाणी लांब आणि स्थिर मिळेल. हे उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस, त्यामुळे ओहोटीही खोलवर जाते, वाळू भरपूर उघडी पडते. सोमवारी सकाळी सात ते नऊ मात्र पाणी वेगाने चढत असेल. तेव्हा सुरूच्या सावलीत कोरड्या वाळूत खेळ, पाण्याला फक्त कडेवरून नमस्कार.

रविवारी जायचं ठरवलंत हे चांगलं केलंत. बाळाला शाळा नाही तोवर शनिवार-रविवारची गर्दी अंगावर घेण्याचं कारणच नाही. तुम्ही जाताना माणगावची कोंडी परतीच्या दिशेला असते.

आगरवाडी
राहायच्या जागेबद्दल. घरगुती सोय घेणार असाल तर फोनवर "एसी आहे का, जेवण आहे का" एवढंच विचारून थांबू नका.

पहिला प्रश्न विहिरीचा. कोकणातल्या प्रत्येक वाडीत विहीर असते, शिंपण्यासाठी जमिनीलगतचा हौद असतो आणि झाडांच्या आळ्यांत पाणी सोडायचे पाट असतात. विहिरीला कठडा किती उंच, वर जाळी आहे का, हौद झाकलेला आहे का, हे विचारा आणि फोटो मागवा. समुद्रावर सगळे सावध असतात; अंगणात कुणी नसतं. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं आणि आवाज होत नाही. रिसॉर्ट घेतलंत तर कुंपण नसलेल्या पोहण्याच्या तलावाला हेच लागू.

दुसरा : खोली तळमजल्यावर आहे का, आणि कमोड आहे का. सासऱ्यांसाठी दोन्ही लागेल.

तिसरा : समुद्रापर्यंत चालत किती मिनिटं आणि मध्ये रस्ता ओलांडावा लागतो का. "समुद्राजवळ" म्हणजे कधी दोन मिनिटं, कधी गाडीने दहा. बाळाला शी झाली, झोप आली, वाळू डोळ्यात गेली, तर पाच मिनिटांत खोलीवर पोचता आलं पाहिजे.

मग गरम पाणी कशाचं, इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, गादी जमिनीवर घालून मिळेल का, आवारात कुत्रा आहे का. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी घरून न्या.

वाडीत सतरंजी नारळाखाली टाकू नका. झावळी पडते तीसुद्धा चांगली जड असते.

विंचवाबद्दल : रायगड-रत्नागिरीत तांबडा विंचू आहे आणि लहान मुलांना त्याचं विष जास्त बाधतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार दाखवून दिल्यापासून जीव वाचण्याचं प्रमाण खूप वाढलं, पण ते औषध वेळेत मिळायला हवं. बूट-चपला झटकून घाला, रात्री गादी भिंतीपासून हातभर लांब, लाकडाच्या आणि नारळाच्या सोडणांच्या (सालांच्या) ढिगाऱ्याजवळ खेळू देऊ नका. दंश झालाच तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय, गाडी नसेल तर १०८.

मऊभात
जेवणाचं मी लिहिते, कारण बाळं तिथे आजारी पडतात ती बहुतेक खाण्यापाण्यानेच.

पहिल्या दिवसाचं पाणी घरून उकळून, निदान पाच लिटर. पुढे सीलबंद वीस लिटरचा जार सांगा किंवा तिथे उकळा. विजेची किटली आणि छोटा राइस कुकर सोबत असेल तर अर्धी चिंता मिटते. मात्र किटलीची वायर टेबलाखाली लोंबू देऊ नका.

खिचडीचं कोरडं पीठ घरी करून न्या : एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचं, मंद आचेवर भाजायचं, पाव चमचा जिरं घालून रवाळ दळायचं. ओल राहिली तर दुसऱ्या दिवशी वास येतो, म्हणून वाळवण्यात घाई नको. करताना एका भागाला चार-पाच भाग पाणी, मीठ, तूप. सोबत मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व. दूध पिशवीतलं मिळेलच या भरवशावर राहू नका. २०० मिलीचे टिकाऊ दुधाचे डबे न्या, उघडलं की संपवायचं.

घरमालकीणबाईंना सकाळीच सांगितलं तर मऊ भात आणि बिनतिखट आमटी वेगळी काढून ठेवतात. "तिखट कमी करा" म्हणू नका, "फोडणीच्या आधी वाटीभर वरण काढून ठेवा" म्हणा.

मासे घरी खात असेल तर सुरमई किंवा पापलेट, बोटांनी दोनदा चिवडून. कोळंबी, तिसऱ्या, कालवं पहिल्यांदाच तिथे जाऊन चाखवू नका. ॲलर्जी आली तर ती दवाखाना जवळ असताना यावी. शहाळ्याचं पाणी चालेल, पण उघडून ठेवलेलं नाही. मलई फार बारीक चिरून. शेंगदाणे, चणे, अख्खी करवंदं किंवा द्राक्षं नकोत, घशात अडकतात.

ओपीडी
औषधांची पिशवी. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून मात्रा लिहून घ्याच. खालचं त्यासाठी प्रश्न म्हणून न्या.

पॅरासिटामॉल : एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेदहा किलोला सुमारे १५५. घोळ होतो तो बाटलीत. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर साडेसहा मिली. ५ मिलीत २५० चं असेल तर जेमतेम तीन मिली. एका मिलीत १०० चे थेंब असतील तर दीड मिली. घरची बाटली संपली, तिथे दुसरी आणली आणि आकडा तोच ठेवला, तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. घरचीच बाटली न्या, मोजायची सिरिंज त्याच पिशवीत. दोन मात्रांत सहा तास.

ओआरएस : जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात अंदाजाने टाकणं चूक. क्षार जास्त झाले तर बाळाला अपायच होतो. दोन वर्षांखाली प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी हळू. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. सात-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं किंवा शीतून रक्त आलं तर थांबू नका. किरकोळ तक्रारीला दिवेआगरहून जवळचं मोठं गाव बोर्ली पंचतन, त्यापुढे श्रीवर्धनचं रुग्णालय. दोन्हींचा रस्ता पोचल्या दिवशीच बघून ठेवा.

जेलीफिश चिकटली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही, आणि वाळूने चोळू नका. त्याने डंख आणखी फुटतात. तंतू चिमट्याने काढा.

ओली_वाळू
किनाऱ्यावरची पिशवी राहिली.

साधं डायपर पाण्यात नेऊ नका. ते समुद्राचं पाणी पिऊन फुगतं, खाली सरकतं, फुटलं की आतली जेल वाळूत. पाण्यासाठीचं वेगळं डायपर मिळतं. ते शी अडवतं, शू नाही, म्हणून खोलीवरून निघताना घालू नका, किनाऱ्यावर गेल्यावर बदला. साधी डायपर दिवसाला सात आणि वर पाच.

कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली गादीची चादर उलटी अंथरा, चार कोपऱ्यांत चार पिशव्या ठेवा. कडा उभ्या राहतात, वाळू आत येत नाही. दुपारनंतर खारा वारा जोरात असतो, छत्री नुसती रोवली की उडते. दांड्याला पिशवी बांधून तिच्यात वाळू भरा.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३०, निघण्याआधी पंधरा मिनिटं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. पण खरी राखण पूर्ण बाह्यांच्या कपड्यांची आणि मान झाकणाऱ्या टोपीची. अंगाची वाळू ओली असताना पुसू नका, कातडी सोलवटते. ती सुकू द्या, मग सुती पंचाने झटका. जांघेतली मात्र गोड्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, मग डायपर. डोळ्यात गेली तर चोळू न देता स्वच्छ पाण्याची धार.

हवेच्या रबरी कड्या आणि दंडाचे फुगे समुद्रात नकोत. ती खेळणी आहेत, वाऱ्याने आणि ओढीने आत जातात. पाणी घोट्यापर्यंत आणि एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, फक्त बघण्याच्या कामावर. फोटो काढणारं माणूस वेगळं हवं. तुम्ही चौघं मोठे आहात, पाळ्या लावून घ्या.

गुलबक्षी
सर्वांचे मनापासून आभार. दिवेआगर, त्रयोदशी ते पौर्णिमा नक्की. तळमजला, जाळीची विहीर असं घर शोधते. दोन शेवटचे प्रश्न. सोमवारी मधल्या वेळेत हरिहरेश्वर करावं का? आणि मंगळवारी किती वाजता निघू?

खाडीकाठ
हरिहरेश्वरची प्रदक्षिणा नको. खडकांमधल्या अरुंद पायऱ्या उतरायच्या, खाली शेवाळलेला खडक, आणि वाट फक्त ओहोटीला मोकळी. गुडघे आणि कडेवर बाळ दोन्हींना अवघड. सोमवारी सकाळी गावातच सुवर्ण गणेश आणि रूपनारायणाचं देऊळ करा, गाडीने दहा मिनिटांच्या आत. फारच वाटलं तर शेखाडीवरून समुद्रालगतच्या रस्त्याने श्रीवर्धनपर्यंत फक्त गाडीतून फेरी, बाळ झोपलेलं असताना.

घाटवळण
मंगळवारी साडेनऊला निघा. नाश्ता हलका आणि साडेआठपर्यंत संपलेला. अकरा-सव्वाअकराला माणगाव, तिथे बाळाचं जेवण, अर्धा तास मोकळं पळू द्या, मग पाऊण तास थांबून घाट. चढताना नेमकी दुपारची झोप लागते. चारपर्यंत कोथरूड. दत्तजयंतीला देवळांजवळच्या रस्त्यांवर संध्याकाळी गर्दी होते, म्हणून पाचच्या आत घरात असलेलं बरं. आणि सामान भरताना बाळाचं एक जोड कपडे, दोन डायपर, ओला पंचा आणि उलटीच्या पिशव्या डिकीत नको, सासूबाईंच्या पायाशी ठेवा. घाटात गाडी थांबवून डिकी उघडायला जागा मिळत नाही.